मौजे मेडशीच्या अनंत तलावाची हकीकत

श्री. मौजे मेडशी येथील समस्त बाळगोपाळ मंडळींनी शाळा सुटताच दारावर मोर्चे लावून हुकूम सादर केला की, शेषरावांचे परसात जे थोर प्रकरण गुदरले ते अथपासून इतिपर्यंत, काही न लपविता, आम्हांस लेहून द्यावे. ऐशा फौजेपुढे कोणाचा टिकाव? सबब वर्तमान जैसे घडले तैसे लेहिले आहे. जेथे उमज पडणार नाही तेथे बोट वर करून पुसावे. पुन्हा सांगितले जाईल.

तरी ऐकावे. राजश्री शेषराव हे मेडशीचे मातबर सोयाबीनवाले, भरल्या बोअरचे धनी, थ्री-फेज मोटरीचे खावंद. त्यांचे कुटुंब विजयमालाबाई. आणि बाईंची धाकटी बहीण रुख्मिणीबाई रिसोडास राजश्री बबनरावांचे घरी दिलेली. म्हणजे शेषराव आणि बबनराव एकमेकांचे साडू. बाळांनो, दोन पातशाह्यांत तह होतात. दोन साडूंत होत नाहीत. बबनरावांनी रिसोडानजीक आपल्या मळ्यात स्विमिंग टँक बांधला, आणि पूजेस शेषरावांस बोलाविले, आणि शेषराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर बैसले असता भर पंगतीदेखत शब्द टाकिला, "काहून भेता जी साडूबुवा? उतरा ना, मी धरतो तुमाले!"

शेषरावांस पोहता येत नाही ही गोष्ट सारा मुलूख जाणतो, परंतु उच्चारीत नाही. ते वचन काळजात रुतले. मग शेषराव जिलबी न खाता उठले, आणि मेडशीची वेस लागताच प्रतिज्ञा केली की, परसात ऐसा तलाव बांधीन की बबनरावाने आ वासावा. पोहणे शिकून घ्यावे, हा मनसुबा मात्र कोणासही सुचला नाही.

तलाव साधा नव्हे. इन्फिनिटी पूल, म्हणजे अनंत तलाव. त्याचा दस्तुर ऐसा. तीन बाजूंच्या भिंती उंच आणि चौथ्या बाजूचा काठ किंचित नीच. पाणी त्या काठावरून चादरीसारखे सांडत राहते, म्हणून काठ दिसत नाही, आणि पाहणारास वाटते की पाणी थेट आभाळास मिळाले. सांडलेले पाणी काठाखालच्या छुप्या हौदात पडते, आणि पंप ते वर चढवितो, आणि ते पुन्हा सांडते, आणि पंप पुन्हा चढवितो, ऐसे अहोरात्र. ज्या मुलुखी हे तलाव असतात तेथे काठापलीकडे समुद्र असतो म्हणतात. शेषरावांचे पूर्वेच्या काठापलीकडे शेजारीण धुरपताबाईंचा कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग, आणि त्यावर चढलेली त्यांची शेळी. तेव्हा येथील पाणी शेळीस जाऊन मिळणार होते.

हे सर्व ऐकोन विजयमालाबाईंनी एकच सवाल रुजू केला: "सांडाचंच हाये तं वर कायले चढवता?"

आता बाईंचे गाऱ्हाणे. परसाच्या ईशान्य कोपऱ्यात त्यांचा धुण्याचा दगड, काळा आणि ऐसपैस. बोअरचे पाणी घराच्या दुसऱ्या अंगास. तेथून बादल्या वाहून बाईंनी धुणे धुवावे. दगडापाशी एक तोटी बसवून द्यावी, इतकीच त्यांची मागणी, लग्नापासूनची. दरसाल अर्ज होई, आणि दरसाल "सोयाबीन निघू दे" म्हणोन हुकूम होई. सोयाबीन निघे, तोटी न निघे.

असो. मग मसलत बैसली. वाशीमाहून प्लंबर उदयसिंग दाखल जाहले, ज्यांनी आजवर पुष्कळ न्हाणीघरे सर केली होती, परंतु अनंताशी गाठ प्रथमच. त्यांनी मोबाईलवर चित्रे पाहिली, आणि बाईंचा रांगोळीचा डबा मागून घेतला, आणि साऱ्या परसात नकाशा मांडिला: पाणी ओढणारे पाइप निळे, पाणी ढकलणारे तांबडे, आणि पंपाची जागा म्हणोन मध्ये पिवळे वर्तुळ. इतक्यात धुरपताबाई कुंपणावरून डोकावल्या. "पूजा मांडली वं विजू, अन सांगतलं बी नाई!" ऐसे म्हणोन त्या आत आल्या, आणि पंपाच्या वर्तुळास हळदकुंकू वाहिले, आणि प्रसादासाठी उभ्या राहिल्या. उदयसिंगांनी हा शकुन मानिला, कारण दुसरा आधार नव्हता.

आता सरंजाम समजून घ्यावा. पंप हा सेनापती. त्याचे पुढे गाळणी, म्हणजे वाळू भरलेले थोरले पिंप; पाणी त्यातून गेले की कचरा वाळूत कैद होतो. मग नॉन-रिटर्न व्हॉल्व, हा वेशीवरचा शिपाई. पाण्यास पुढे जाऊ देतो, माघारी फिरू देत नाही. शेषराव प्रत्येक वस्तूस पुसत, "बबनरावाकडं हे हाये का?" आणि उदयसिंगांनी नाही म्हणताच हुकूम होई, "दोन लावा." येणेप्रमाणे शिपाई दोन जाहले, गाळण्या दोन जाहल्या, आणि पाइपांची रास छपरास लागली.

बाई रास पाहून म्हणाल्या, "येवढ्या पाइपात माह्या तोटीपुरता तुकडा नाई निघत?" शेषरावांनी फर्माविले की, मोहिमेची रसद मोहिमेबाहेर जाणार नाही, एक तोटी काढिली तर अनंताचे प्रेशर तुटेल. तुटते की न तुटते हे उदयसिंगांस ठाऊक नव्हते, म्हणोन त्यांनी जोराने मान डोलाविली.

पुढे छुप्या हौदाची रेघ ओढिली, ती पूर्वेच्या काठाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, आणि थेट दगडावरून गेली. दगड उचलावा ऐसा हुकूम सुटला. तेव्हा विजयमालाबाई जातीनिशी दगडावर चढोन बैसल्या, आणि मांडीवर परात घेऊन मेथी निवडू लागल्या, आणि स्वयंपाकघराची चूल बंद केली. "उठतं का नाई?" "नाई." ऐसे घनघोर युद्ध जाहले. दुपारची भाकर गेली, संध्याकाळचा चहा गेला, आणि शेषरावांची फौज, म्हणजे खासे शेषराव, उपासमारीने तहास आली. तहाची कलमे ऐसी: दगड जागचा हलणार नाही, हौद दगडाच्या अलीकडेच आखूड करावा, आणि तोटीचे नाव बाईंनी पुन्हा काढू नये. बाईंनी कबूल केले, आणि मेथी फोडणीस टाकिली.

मग गवंडी भागवत मिस्त्री आले. काठ अगदी समपातळीत पाहिजे, केसाचाही फरक नको, ऐसे उदयसिंगांनी बजाविले. परंतु मिस्त्रींनी जन्मात जो ओटा, जो स्लॅब घातला, त्याचा ढाळ ईशान्येस दिला. पाणी ईशान्येस गेले पाहिजे हा वास्तूचा कायदा. शेषरावांनीही कानात पुसले, "ईशान्येले गेलं पायजे ना?" मिस्त्री वदले, "इचारता काय मालक." आणि बोटभर ढाळ बिनबोभाट दिला गेला, आणि शाबासकी पावली.

नंतर फत्तेचा मुहूर्त ठरला. बबनराव रुख्मिणीबाईंसह रिसोडाहून दाखल जाहले. शेषरावांनी बटण दाबिले. बोअरची मोटर गर्जू लागली, आणि तलाव भरत भरत काठास आला, आणि सर्वांनी श्वास रोखिला, आणि शेळीनेही रवंथ थांबविला. मग ईशान्य कोपऱ्यातून मनगटाएवढी एकच धार सुटली. बाकी काठ कोरडा. त्या कोपऱ्यात हौद नव्हता, तहाप्रमाणे दगड होता. धार धो धो दगडावर पडली, आणि गटाराने निघोन गेली, आणि छुपा हौद ठणठणीत राहिला.

"वा साडूबुवा! अनंत अनंत म्हणता म्हणता नळच काढला!" बबनराव खदखदा हासले. शेषराव काळेनिळे जाहले, आणि काठ फोडण्याचा हुकूम केला, आणि मिस्त्रींनी घण उचलिला. तोवर विजयमालाबाईंनी घरातून धुण्याचा बोचका आणिला, आणि पदर खोवून दगडाशी बैसल्या, आणि धारेखाली पहिले लुगडे धरिले. तोटीचे नाव त्यांनी काढिले नाही; तह पाळिला.

रुख्मिणीबाईंनी जवळ जाऊन धारेत हात धरिला, आणि नवऱ्याकडे वळल्या. "पाह्यलं का? भाऊजींनी ताईले दगडापाशी पाणी आणून देलं! तुमी टँकात म्हशीवानी डुंबून राह्यले, अन मी अजून डोक्यावर हंडे-गुंड घेऊन पाणी वाहून राह्यली!" बबनरावांनी आ वासला.

प्रतिज्ञा पुरी जाहली हे शेषरावांनी तत्क्षणी ओळखिले, आणि घण खाली ठेवविला. "मुद्दामच देला जी तसा ढाळ," ते वदले. "मनलं, हिले सोय झाली पायजे."

पुढील हप्त्यात उदयसिंगांस रिसोडाहून बोलावणे गेले. टँकाचे काम नव्हते, तोटीचे होते. पंप, दोन गाळण्या आणि दोन शिपाई मेडशीच्या परसात आजतागायत पाण्याची वाट पाहतात. या तोटीस चावी नाही. बाई दगडावरून आवाज देतात, "लावा जी," आणि शेषराव मोटरीचे बटण दाबितात. धुणे सरले की "करा बंद" म्हणोन हुकूम होतो, आणि शेषराव बंद करितात.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. दगड कायम, तोटी हस्तगत, अनंत बाकी.