मंदाकिनीबाईंचा पाठभेद

त्या तालुक्यात कुणाच्याही अंगातल्या पेशीला एकीच्या दोन व्हायचं असेल, तर विभाजन कार्यालयाची परवानगी लागते. पेशी साडेदहापासून रांगेत उभ्या राहतात आणि ज्याच्या त्याच्या वंशपरंपरागत नियमावलीप्रमाणे त्यांना शिक्का मिळतो.

मंदाकिनी ऐनापुरे यांच्या नियमावलीत एक अक्षर वेगळं निघालं. इतरांच्या प्रतीत 'आधी तपासा, मग विभागा' असं होतं. बाईंच्या प्रतीत होतं, 'कधी तपासा, मग विभागा.' आई आणि पाठोपाठ मावशी स्तनाच्या कर्करोगाने गेल्या, म्हणून बाईंनी नक्कल मागवली, तेव्हा हे कळलं. दुरुस्तीचा अर्ज घेऊन त्या हुदलीकर कारकुनांकडे गेल्या.

"ही चूक नाही, बाई," हुदलीकर चष्मा पुसत म्हणाले. "याला पाठभेद म्हणतात."

"पाठभेदानं घरातली दोन माणसं गेली."

"तुमच्या आजींच्या प्रतीतही 'कधी'च आहे. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षं जगल्या. पाठभेद फक्त शक्यता वाढवतो. सक्ती करत नाही."

बाईंना या उदारपणाचं कौतुक वाटलं. "मग तेवढं अक्षर बदलून द्या."

"ज्यांच्याकडून आलं, त्यांची सही लागेल."

"आई वारली. तुमच्याच शिक्क्यानं."

"हो, तशी नोंद आहे," हुदलीकर अदबीनं म्हणाले. बराच वेळ कागद चाळून त्यांनी मार्ग काढला. "नियमात 'कधी' आहे, पण कधी ते लिहिलेलं नाही. तुम्ही स्वतः रोज तपासलंत, तर कार्यालयाची हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या व्हरांड्यात बाईंना टेबल-खुर्ची मिळाली. बावीस वर्षं त्यांनी सहावीच्या उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. चुकीची नक्कल त्यांना लांबून ओळखू यायची. तरी त्यांच्या डाव्या स्तनातल्या पेशींची रांग पुढे सरकली, तेव्हा त्यांनी प्रत्येक कागद दोनदा वाचला.

चौथ्या दिवशी त्यांची मुलगी इरावती स्वतःची नक्कल घेऊन आली.

"काय लिहिलंय?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"कधी."

बाईंनी कागद बाजूला सारून अर्धं टेबल मोकळं केलं. इरावतीनं आतून खुर्ची आणली आणि शेजारी बसली.

तेवढ्यात एक पेशी रांग मोडून पुढे घुसली. "मला घाई आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे असंच चालतं."

"माहीत आहे," इरावती म्हणाली. "बाकावर बसा."

पेशी कुरकुरत बाकावर बसली. बाईंनी पुढचीला बोलावलं.