तिसऱ्या रांगेतल्या सासूबाई

बादली घ्यायची झाली तरी चार दुकानं पालथी घालून, कडी ओढूनताणून बघणारा तो माणूस. साडूंनी त्याचं नावच 'संशोधक' ठेवलं होतं. अशा माणसावर सासूबाईंनी कामगिरी सोपवली, मग काय विचारता!

"आमच्या मंडळाचं समूहगान टीव्हीवर दाखवणार आहेत. मी तिसऱ्या रांगेत, अगदी कोपऱ्यात. जावईबापू, गर्दीत माझा चेहरा ओळखू आला पाहिजे बरं का!"

संशोधकाला स्फुरण चढलं. घरच्या जुन्या टीव्हीवर तिसरी रांग म्हणजे नुसते ठिपके. हाय डेफिनिशन ट्यूनरच हवा! मग रोज जेवताना बायकोला धडे सुरू झाले. ट्यूनर म्हणजे सिग्नल पकडून त्याचं चित्र करणारा डबा. एकेरी घेतला तर एकच कार्यक्रम. दुहेरी घेतला तर एक बघता बघता दुसरा साठवून ठेवता येतो.

"अहो, आपल्याला एकच आई बघायचीय," बायको म्हणाली. तरी त्याने दुहेरीच आणला.

कार्यक्रमाच्या दिवशी सासूबाई ठेवणीतली साडी नेसून पुढच्या खुर्चीत बसल्या. शेजारी मेव्हणी आणि साडू. संशोधकाने ऐटीत डबा काढला, वायर घेतली आणि टीव्हीच्या मागे डोकं घातलं. ते बराच वेळ बाहेरच येईना.

"अहो, काय झालं?" बायकोने विचारलं.

"ही वायर चपटी आहे."

"मग?"

"टीव्हीला गोल भोकं आहेत."

दोन महिने डब्याचा अभ्यास झाला होता. टीव्हीच्या पाठीकडे मात्र त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"दुहेरी ट्यूनर आणि चित्र एकही नाही!" साडू खो खो हसले.

संशोधक धावत जाऊन मुलीच्या खोलीतला कॉम्प्युटरचा पडदा उचलून घेऊन आला. वायर चपखल बसली. चित्र आलं, तेही असं लख्ख, की निवेदिकेच्या कानातले खडे मोजून घ्यावेत. पण आवाज कुठाय? पडद्याला स्पीकरच नव्हता. शेवटी आवाजापुरता जुना टीव्ही लावला. आता आवाज आधी येई आणि चित्र मागून. निवेदिका बोलून गप्प झाली की तिचे ओठ हलत.

तेवढ्यात गाणं सुरू झालं. सगळे पडद्याकडे वाकले. पहिली रांग, दुसरी, तिसरी, आणि कोपऱ्यात सासूबाई! साडीचा काठसुद्धा स्पष्ट. अख्खं मंडळ तोंड उघडून गात होतं आणि सासूबाईंचे ओठ घट्ट मिटलेले. एक कडवं झालं, दुसरं झालं. मिटलेलेच.

सासूबाईंनी पदराशी चाळा सुरू केला. महिनाभर त्या आपल्या वरच्या पट्टीचं कौतुक घरोघर सांगत फिरल्या होत्या.

"सासूबाई," साडूंना राहवेना, "तुमचं तोंड हलत कसं नाहीये हो?"

संशोधकाने पाहिलं. बिचाऱ्या एवढ्याशा झाल्या होत्या.

"चित्र अडकलंय," तो म्हणाला.

"पण डोळे मिचकावतायत की!"

"डोळ्यांचा सिग्नल वेगळा येतो." अशी बेधडक थाप त्याने जन्मात मारली नव्हती. "हा ट्यूनरच फालतू निघाला. माझी निवड चुकली."

संशोधकाची निवड चुकली! एवढी गोड कबुली कानावर पडल्यावर साडूंना सासूबाईंचे ओठ कुठले आठवायला? ते मांडीवर थाप मारून हसत सुटले.

सासूबाईंनाही लगेच कंठ फुटला. "एवढा अभ्यास करून शेवटी फसलातच ना! माणसाने जरा चौकशी करून वस्तू घ्यावी."

"हो ना," संशोधकाने मान खाली घातली.

निघताना सासूबाई दारात घुटमळल्या. बाकीची मंडळी जिना उतरून गेल्यावर जावयाच्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "गाणं बसवणाऱ्या बाईच म्हणाल्या हो, तुम्ही नुसत्या उभ्या राहा." मग आणखी हळू आवाजात, "रविवारी परत दाखवणार आहेत. तोवर तो डबा दुरुस्त करू नका हं."