वरचं पाणी सरकारचं

अंगदनं अंबाजोगाईहून बहिणीसाठी साडी आणली. विमलबाईंनी साडी बाजूला ठेवली आणि आधी पावती उलगडली.

"आठशेची साडी, आन् ह्ये वरचे चाळीस कशाचे रं?"

"सरकारचा कर हाय माय."

"मंजी लुगडं रोहिणीनं नेसायचं आन् पदर सरकारचा?"

"तू दुकानदाराला इचार. मला वावरात जायचंय," असं म्हणून अंगद निघालासुद्धा.

साडी कशासाठी होती ते घाटनांदुरात कुणी विचारलं नसतं. अंगदच्या वडिलांना, आश्रुबांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची चार एकर आणि एक विहीर आता अंगदच्या नावावर व्हायची होती. बाप गेला की लेकींनी तालुक्याला जाऊन हक्कसोडीवर सही करायची, भावानं साडी-चोळी करायची आणि बहिणीचं माहेर शाबूत राहायचं, अशी रीत. तराजूच्या एका पारड्यात चार एकर आणि दुसऱ्यात आठशेची साडी. तरी काटा सरळ राहतो, हा चमत्कार पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

पण विमलबाईंच्या डोळ्यांपुढून ती विहीर जात नव्हती. विहीर खोदली तेव्हा रोहिणी चौदा वर्षांची होती. उन्हाळाभर तिनं डोक्यावर दगडाच्या पाट्या वाहिल्या. अंगद तेव्हा सहा वर्षांचा, काठावर बसून मुरमुरे खायचा. आता त्याच विहिरीवरून तिचं नाव पुसायचं, हे माऊलीच्या घशाखाली उतरत नव्हतं. लेकीला विचारावं, तर ती फोनवर म्हणायची, "जाऊ दी माय, पंचमीला कुणाच्या दारात येऊ मंग?" लेकाला सरळ सांगावं, तर तो दोन दिवस जेवायचा नाही आणि तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं जेवायचा.

सरळ बोलणं हा तसाही विमलबाईंचा प्रांत नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात झाडांच्या सावल्यासुद्धा वाळल्या होत्या आणि आपण त्या गोळा करून चुलीला लावल्या, असं त्या नातवंडांना सांगायच्या. वर, "धूर लई व्हायचा," असंही सांगायच्या.

संध्याकाळी त्या शिवशंकरच्या किराणा दुकानात चहापत्ती घ्यायला गेल्या. तिथं पंडित तंबाखू मळत बसलेला होता.

"शिवशंकर, ह्या पत्तीला बी कर हाय का?"

"हाय की काकू. पत्तीला हाय, साखरंला हाय. तुमच्या पायातल्या चपलीला बी हाय."

"चहातली पत्ती गेली, साखर गेली. ऱ्हायलं पाणी."

"त्याला पाणीपट्टी," पंडित म्हणाला.

"पेताना दमडी द्यायची, चालताना दमडी द्यायची," विमलबाई पायरीवर टेकल्या, "आन् आता मनं मेल्यावर बी. वारसा कर. लातूरकडं एकाला लागला. एकट्यानंच बापाची सगळी जमीन नावावर केली हुती. सरकारनं निम्मी विहीर लावून घेतली."

"निम्मी विहीर? ती कशी?"

"वरचं पाणी सरकारचं, खालचं त्याचं. वरचं उपसल्याबिगर खालचं लागतंय का? बिचारा रातंदिस सरकारचंच उपसतोय."

पंडितच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. "आन् एकट्यानं न्हाई केली तर?"

"बहिणीचं नाव लावलं तर माफ, असं मनत्यात बाई. मला म्हातारीला काय कळतंय." विमलबाईंनी पत्तीची पुडी कनवटीला लावली आणि घरी येऊन निवांत झोपल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत या कराला हातपाय फुटले. चहाच्या हॉटेलात तो निम्म्यावर होता, पाराजवळ पाऊण झाला, आणि बसस्टँडवर पोचला तेव्हा सरकारचं ड्रोन विहिरी मोजत परळीपर्यंत आलेलं होतं. पंडितनं गेल्याच वर्षी तीन बहिणींच्या सह्या घेतल्या होत्या. त्यानं घाबरून थोरल्या तुळजाबाईला फोन लावला, "आक्का, सही मागं घी." तुळजाबाई म्हणाली, "तू दिलेल्या साडीचं मी पायपुसणं केलंय. ते देते पाठवून." आणि फोन ठेवला.

अंगद घरी आला तो घामाघूम. "माय, आक्काची सही घ्यायची न्हाई! तिचं नाव लावायचं, तुझं बी लावायचं. तिघायचं!"

"कावून रं?" विमलबाईंनी ज्वारी पाखडताना मानही वर केली नाही.

"तुला न्हाई कळायचं ते."

इथपर्यंत सगळं विमलबाईंच्या मनासारखं झालं होतं. पण उठवलेली आवई काय एकाच गावात राहते? ती एसटीत बसली, बीडला उतरली आणि रोहिणीच्या सासरी, पालीला गेली. वाटेत कुठंतरी तिचा शेवट गळून पडला. बहिणीला माफ आहे, हे पालीला पोचलंच नाही. पोचलं ते एवढंच, की ज्याचं नाव त्याला कर.

गुरुवारी सकाळी रोहिणी दारात आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "अंगद, चल बाबा अंबाजोगाईला. कुठं सही करायची ते दाव."

"सही न्हाई करायची आक्का. जमीन तुजी बी हाय."

"मला नगं."

"आसं कसं नगं? बापाची हाय!"

"तुज्याच बापाची हाय, तूच घी. मालक मनले, सही केल्याबिगर घरी यायचं न्हाई."

"आक्का, तुज्या पाया पडतो, घी!"

"अंगद, तुज्या पाया पडते, नगं!"

घाटनांदुरात जमिनीवरून भाऊ-बहिणीची भांडणं पुष्कळ झाली होती. पण एकमेकांच्या अंगावर जमीन ढकलायचं भांडण पहिलंच. शेजारच्या बाया भाकरी तव्यावर टाकून कुंपणाशी आल्या. दोन भाकरी करपल्या, तरी कुणी हलेना.

विमलबाईंनी मात्र हातातलं सूप खाली ठेवलं. त्यांनी सोडलेला बैल आता त्यांच्याच लेकीला शिंगावर घ्यायला निघाला होता. खरं सांगावं तर अंगद लगेच साडी पुढं करणार. न सांगावं तर रोहिणी तालुक्याला धावणार. त्या उठल्या, लेकीचं मनगट धरलं आणि तिला ओढत चुलीपाशी नेलं.

"गपचिप ऐक. असला कर बिर काई न्हाई. म्याच उठिवलाय."

रोहिणी आईकडं बघतच राहिली. "माय! कावून गं?"

"त्या दगडाच्या पाट्यांपाय."

रोहिणीनं पदर तोंडात कोंबला. खांदे गदगद हलायला लागले. बाहेर अंगदला वाटलं, आक्का रडतीय. तो आणखीच घाबरला. थोड्या वेळानं ती डोळे पुसत बाहेर आली.

"माय लई मनती मनून घेते बाबा. तुज्यावर संकट नगं. पण माज्यावर काई आलं तर तू निस्तरायचं."

"निस्तरतो, निस्तरतो!" अंगदनं हात जोडले, आणि तसाच तिला घेऊन तलाठ्याकडं गेला.

तलाठी अमरसिंह भाऊसाहेबांनी अर्ज तीनदा वाचला. बारा वर्षांच्या नोकरीत बहिणीचं नाव गाळा म्हणणारे भाऊ त्यांनी पोत्यानं पाहिले होते. बहिणीचं नाव लावा म्हणून घाम पुसणारा हा पहिलाच. पंधरा दिवसांची नोटीस लागली, कुणाची हरकत आली नाही, आणि सातबाऱ्यावर तीन नावं चढली.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत भाऊसाहेबांनी अंगदला पुढं बोलावलं. सरपंचांनी शाल घातली, हातात नारळ दिला. "बहिणीला न मागता हक्क देणारा भाऊ!" टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. शाल नीट करत अंगद भाऊसाहेबांच्या कानाशी लागला, "सायेब, आता वारसा कर पुरा माफ ना?"

"कसला कर?"

"वारसा कर. वरच्या पाण्याचा."

"अरे, मेल्यावरचा कर होता कधीकाळी, तोही मोठ्या इस्टेटीवर. बंद होऊन चाळीस वर्षं झाली. तुला कुणी सांगितलं?"

अंगदनं पंडितकडं पाहिलं. पंडितनं शिवशंकरकडं पाहिलं. शिवशंकरनं पाहिलं ते थेट बायकांच्या रांगेत बसलेल्या विमलबाईंकडं. विमलबाई झेंड्याकडं बघत होत्या.

घरी आल्यावर अंगदनं नारळ ओट्यावर आपटला. नारळ काही फुटला नाही.

"माय, कर न्हाईच मनं!"

"बरंच झालं की. वाचले तुजे पैसे."

"आक्काला परत सहीला बोलीवतो."

"बोलीव. शाल पांघरूनच जा तालुक्याला, फोटोतला मानूस वळखू येईल."

अंगद शाल घडी करायला लागला. ती काही केल्या नीट घडी होईना. विमलबाईंचा आवाज जरा खाली आला. "लेकरा, तुला ती विहीर बसल्या जागी मिळाली. तिनं तिचा कर चौदाव्या वर्षीच भरलाय, डोक्यावरून. तू काय भरलास? मुरमुरे खाल्ले."

अंगदनं शाल तशीच खाली ठेवली. मग फळीवरचा साडीचा खोका काढून त्यानं आईपुढं ठेवला. "पंचमीला आक्का आली की दे."

"तूच दे. चाळीस रुपय तू भरलेत."

अंगद उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. "माय, खरं सांग. त्यो लातूरकडचा मानूस तरी हाय का?"

"हाय तर!" विमलबाईंनी सूप पुढं ओढलं. "एकट्यानंच नावावर केली हुती ना त्यानं. अजून वरचंच उपसतोय बिचारा."