जयवंतीला तीन दिवस बुडवायचं

एका जंगलात समुद्र होता. जंगलात समुद्र कसा, असं विचारू नका मुलांनो. त्या जंगलात वारसा समिती होती, मग समुद्रानंच काय घोडं मारलंय?

समुद्र म्हटला की बंदर आलंच. हत्तींच्या लोखंडी मालबोटी तिथं दिवसभर भोंगे वाजवत ये-जा करायच्या. त्या गर्दीतून एक जुनं लाकडी गलबत शिडावर वाट काढायचं. नाव जयवंती. वय दीडशे वर्षं. तिला हाकणारा तांडेल जोमा, जातीनं पाणमांजर. त्याच्या आजाच्या आजानं तिला बांधलं होतं. तिच्यातून जोमा पलीकडच्या बेटावर मीठ आणि कौलं न्यायचा. ती होती म्हणून तो तांडेल होता; नाहीतर नुसती पाणमांजरं बंदरात काय कमी होती?

एके दिवशी समितीचे अध्यक्ष गेंडेसाहेब यांनी तिला पाहिलं. पाहिलं ते पाहिलं, वर त्यांचे डोळे भरून आले. लगेच ठराव झाला : जयवंती अजून चालते, सबब ती चालवणं बंद करावं.

तिला ओढून किनाऱ्यावर घेतलं. वर पत्र्याची शेड घातली. पुढं ‘हात लावू नये’ अशी पाटी लागली. जोमाला शाल मिळाली. पाणमांजरानं शालीचं काय करायचं ते त्याला कळेना, पण नको म्हणणं बरं दिसलं नसतं.

उन्हाळा आला. जयवंतीच्या फळ्या सुकून आक्रसल्या. फटींतून पलीकडचा समुद्र दिसू लागला. जोमा रोज पाटीच्या अलीकडे उभा राहून त्या फटी मोजायचा.

अशात वनराज दौऱ्यावर निघाले. त्यांना बंदर बघायचं होतं, तेही जयवंतीतूनच. समितीची धांदल उडाली. जोमाला बोलावणं गेलं.

“लाकूड पार सुकलंय, साहेब,” जोमा म्हणाला. “आधी तिला तीन दिवस बुडवायला लागंल.”

आता बंदरातलं शेंबडं पिल्लूही सांगेल, की सुकलेलं गलबत उथळ पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, फटी मिटतात, मग पाणी उपसून शीड चढवायचं. पण समितीत सगळे डोंगरावरचे. चिटणीस माकडानं इतिवृत्तात लिहिलं : ‘तांडेलाने वारसा बुडवण्याची धमकी दिली.’ जोमाला बंदरात पाऊल टाकायची बंदी झाली. त्याच्या जागी मोराला नेमलं. मोराला पाण्याची भीती वाटायची, पण गणवेश काय शोभत होता म्हणून सांगू.

जयवंतीला शेडमधून ओढून धक्क्याला लावलं आणि लगेच वनराज चढले. बँड वाजला. जयवंती धक्क्यापासून चार हात गेली आणि तिथंच खाली बसली. पाणी वनराजांच्या मिशांपर्यंतच आलं, म्हणून राज्य वाचलं.

चौकशी बसली. इतिवृत्त निघालं. तांडेलानं बोलल्याप्रमाणे करून दाखवलं, असं ठरलं आणि जोमाला पकडायचा हुकूम सुटला.

चौकशी तीन दिवस चालली. तितके दिवस जयवंती पाण्यात होती. चौथ्या दिवशी भर ओहोटीला जोमा पाण्याखालून आला. एकेका फळीवरून त्यानं हात फिरवला. एक फट उरली नव्हती. त्याला रडूच आलं. मग त्यानं पाणी उपसलं, भरती येऊ दिली, शीड चढवलं आणि हत्तींच्या बोटींमधून जयवंतीला सुळकन बाहेर काढलं.

बेटाला वळसा घातला. पुढं सगळा समुद्र मोकळा होता. पण चार पिढ्यांची सवय. संध्याकाळी गलबत धक्क्याला लावायचं असतं. त्यानं लावलं.

धक्क्यावर अख्खी समिती उभी होती. मोराच्या गळ्यात हार पडला, जयवंती तरंगवल्याबद्दल. जोमाच्या हातात बेड्या पडल्या, ती बुडवल्याबद्दल. आणि पुन्हा असा प्रसंग नको, म्हणून जयवंतीला ओढून शेडमध्ये नेऊन ठेवलं.

तात्पर्य : मुलांनो, बुडालेल्या वस्तूची काळजी करू नका, ती वर काढता येते. जपायला घेतलेली मात्र कोणाच्या बापाला वाचवता येत नाही.