वळणशेठ

जुन्नरच्या बाजारपेठेत पारसशेठांचं भांड्यांचं दुकान आहे. त्या दुकानातून आहेराचं भांडं घेऊन वेळेवर लग्नाला पोहोचलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

भांडं पसंत करायला पाच मिनिटं पुरतात. घोटाळा होतो तो भांड्यावर नाव टाकताना. शेठ गिऱ्हाइकापुढे कागद सरकवतात आणि काय टाकायचं ते लिहा म्हणतात. गिऱ्हाईक घाईघाईत लिहितं. शेठ कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात, कागद लांब धरतात, जवळ धरतात, आणि कोणी गेल्याची बातमी कळल्यासारखा चेहरा करून म्हणतात, "वळण बघा, वळण. पुन्हा लिहा."

आता नाव कोरायचं मशीन शेठच्या हातात, तेव्हा भांड्यावर अक्षर उमटणार तेही शेठचंच. मग गिऱ्हाइकानं कसंही लिहिलं म्हणून काय बिघडलं? असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, भांड्याचं काहीच बिघडत नाही, पण नाव त्या माणसाचं आहे ना?

राजुरीचे एक पाव्हणे चुलतभावाच्या मुलीसाठी हंडा घ्यायला आले होते. तीनदा लिहून झाल्यावर ते कळवळून म्हणाले, "शेठ, तिकडं अक्षता पडत्यात आन् तुमी मला पहिलीत बसवलंय व्हय?" शेठ शांतपणे उत्तरले, "अक्षता पडून जातील, पाव्हणं. हंडा पन्नास वर्षं राहील." पाव्हण्यांनी चौथ्यांदा लिहिलं. लग्न हुकलं, पंगत मात्र सापडली.

अशा प्रकारांमुळे गावानं त्यांचं नाव वळणशेठ ठेवलं. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठना मारवाडीतली चार वाक्यं येतात आणि ती चारही जेवणाची आहेत. बाकी सगळा कारभार मराठीत. मी त्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला होता. मग त्यांनी माझं अक्षर पाहिलं आणि भाडेकरार दोनदा लिहून घेतला.

दुकानाचा बराचसा कारभार मुलाच्या हाती गेला, तसे शेठ रिकामे झाले. एका शनिवारी सकाळच्या शाळेला ते माझ्या मोटरसायकलवर मागे बसून राजुरीच्या आमच्या शाळेत आले. मुलांना तासभर अक्षरं शिकवतो म्हणाले. पुढच्या शनिवारी मी खाली उतरलो, तर ते आधीच गाडीजवळ उभे. हळूहळू त्या तासाचा सुंदर हस्ताक्षर उपक्रम झाला आणि आसपासच्या शाळांतूनही बोलावणी यायला लागली.

त्यांचं शिकवणं मात्र कुठल्या पुस्तकात बसणारं नव्हतं. शिरोरेषा म्हणजे घरावरचा पत्रा, तो तिरका बसला की सगळं घर गळणार. वेलांटी म्हणजे छत्री, तिनं आपल्या अक्षराला झाकावं, शेजारच्याच्या डोळ्यात जाऊ नये. 'ळ' म्हणजे दोन सख्खे भाऊ, एकाच घरात राहतात पण तोंडं दोन दिशांना. हे उदाहरण पोरांना लगेच समजायचं, कारण गावात तसली घरं भरपूर. एकदा एका मुलाच्या 'ह'चं पोट फार सुटलं होतं. शेठनी विचारलं, "हा कोणाला बघून काढलास?" पोरानं दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांकडे नुसतं पाहिलं.

उपक्रमाचे परिणाम घराघरांत दिसायला लागले. एक आजोबा मला रस्त्यात अडवून तक्रार करत होते, "सर, नात मला सही करू देत न्हाई. म्हणती, आधी रेघ मारा." एका सलूनवाल्याची पाटी पोरांनी बाहेर उभं राहून मोठ्यानं तपासली. त्यानं ती रंगवून घेतली आणि त्या पोरांचे केस इतके बारीक कापले की आया शाळेत भांडायला आल्या.

मग एकदा शिक्षकांच्या प्रशिक्षणात शेठना तासभर बोलायला सांगितलं. त्यांनी आम्हा सगळ्यांकडून चार ओळी लिहून घेतल्या, नावं न टाकता. मग एकेक कागद हातात घेऊन शेरे मारायला सुरुवात केली. माझ्या कागदाला "कोंबडी" एवढंच म्हणाले. मी सुटलो. शेवटचा कागद त्यांनी बराच वेळ उलटासुलटा केला आणि विचारलं, "हे कोणाचं? याला दवाखान्यात दाखवा." तो कागद आमच्या साहेबांचा होता, ज्यांनी शेठना बोलावलं होतं.

काही महिने उपक्रम बंद पडला. शेठ पुन्हा दिवसभर दुकानात बसून गिऱ्हाइकांना छळू लागले. शेवटी त्यांच्या मुलानंच साहेबांची गाठ घेतली आणि वडिलांना परत शाळेत घ्या, नाहीतर धंदा बसेल, अशी विनवणी केली. साहेबांनी मोठ्या मनानं घेतलं.

त्याच सुमारास माझी बदली मढला झाली. बदली माझी, पण आनंद शेठना. डोंगराकडच्या शाळा अजून आपल्या हाताखालून गेल्या नाहीत, असं ते म्हणायचे. शनिवारच्या थंडीत कानटोपी घालून ते माझ्या मागे बसायचे आणि वाटेतले दुकानांचे फलक वाचून दाखवत नापास करायचे.

मढला चौथीच्या वर्गात जाई नावाची मुलगी होती. शेठ बाकांमधून फिरत फिरत तिच्यापाशी आले. तिचं पान मला लांबूनच दिसत होतं. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली, पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटला होता. आता दवाखान्याचं नाव निघणार, असं मला वाटलं. शेठनी चष्मा नाकावर घेतला, तोंड उघडलं आणि तसेच थांबले. मुलगी स्वतःच्या डाव्या हातावर बसली होती. मांडीखाली घट्ट दाबून.

"तो हात का गं दाबलास?" त्यांनी विचारलं.

"त्यो मदी मदी येतो," ती म्हणाली.

वर्गाच्या बाईंनी पुढे येऊन समजावलं. मुलगी डावखुरी आहे. पण शेठ येणार, वर्गाचं नाव जायला नको, म्हणून आठवडाभर उजव्या हातानं सराव करून घेतलाय. बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. मुलीच्या आईनंही हेच करा म्हणून सांगितलं होतं.

शेठ फळ्याकडे गेले, खडू उचलला आणि डाव्या हातात घेतला. मग सावकाश, दातांत जीभ धरून, त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. 'प' आडवा झाला, 'र' घसरला आणि 'स' तर कुठून सुरू झाला तेच कळेना. पोरं हसली. मग शेठ हसत नाहीत असं पाहून गप्प झाली.

"माझापण मधे मधे यायचा," ते जाईला म्हणाले. "दुकानात डाव्या हातानं काही दिलं की वडील तराजूतल्या वजनानं बोटांवर मारायचे. उजवा शिकला. हा बिनशाळेचाच राहिला."

इतकी वर्षं मी त्यांच्या माडीवर राहतोय. त्यांच्या घरातल्या कोणालाही हे माहीत नसावं.

त्यांनी तिला हात मोकळा करायला सांगितलं. हाताला मुंग्या आल्या होत्या. तिनं तो झटकला, पेन्सिल घेतली आणि लिहायला लागली. फार सुबक नव्हतं, पण अक्षरं आपापल्या पायांवर उभी होती. शेठ गुडघे धरत तिच्या शेजारी खाली बसले. कागद दुसऱ्या बाजूनं तिरपा करायला हवा, हे त्यांना तिच्याकडे बघताबघताच सुचलं. मग त्यांनी माझ्याकडे पाटी मागितली आणि तेही डाव्या हातानं 'अ' काढू लागले.

घंटा झाली. पोरं दप्तरं उचलून पळाली. बाई कुलूप घेऊन दारात उभ्या राहिल्या. जाईनं एकदा शेठच्या पाटीकडे पाहिलं, एकदा त्यांच्या तोंडाकडे.

"सैल सोडा की हात," ती म्हणाली, "मी धरती."

आणि तिनं आपल्या डाव्या हातानं त्यांचा डावा हात धरून 'अ' गिरवून घेतला. शेठ मान खाली घालून, सांगितल्यासारखे, गिरवत राहिले. मी बाईंच्या हातातलं कुलूप घेतलं आणि त्यांना घरी जायला सांगितलं.