गुलाबरावांचा लाल उजेड

कुणाचा टेपरेकॉर्डर बंद पडला की गुलाबराव आधी त्यातला लाल दिवा काढून खिशात टाकायचे. टेप मेलाय की जिवंत, ते नंतर. केडगावात आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. कारखान्यात वायरमन, मूळचे पाथर्डीकडचे. कुणी चिडलं की एकच उत्तर, "सायन्स हाय हे!"

मी तेव्हा पस्तिशीची. दुधावर साय धरायला उशीर झाला तर दुधाला बोलणारी. नातवंडं मला शांत आजी म्हणतात, म्हणोत बापडी.

गुलाबरावांनी काचेच्या पेटीत मासे पाळले होते. पेटीवर साठचा बल्ब. पण वायरमनच्याच खोलीतला प्लग बंद! म्हणून वायर माझ्या कपड्यांच्या तारेवरून थेट व्हरांड्यातल्या बोर्डाला. एका सकाळी मी ओली साडी टाकली आणि अशी झिणझिणले की साडी अंगणात, मी पायरीवर.

"माशांसाठी माणसं मारता का हो?"

ते तारेकडे बघत म्हणाले, "शॉक नेमका कुठं बसला ती खूण दाखवा, वहिनी. वायर तिथंच सोललेली आसल."

मी तणतणत घरमालकांकडे गेले. ती पेटी जाईल, नाहीतर आम्ही खोली सोडू! मालक भित्रे. म्हणाले, "रविवारी येतो. तुम्ही म्हणाल तसं करू."

वायर त्याच दिवशी उतरली. पण पेटी वाचवायला गुलाबरावांनी बॅटरीवरचा दिवा करायला घेतला. साठवलेले सगळे लाल एलईडी बाहेर निघाले. आमच्या टीव्हीच्या स्टॅबिलायझरचा डोळाही त्यांतच गेला होता, हे मला शुक्रवारी कळलं. शनिवारी संकष्टी. मोदकपात्र उघडलं, तर जाळी गायब.

पिठाच्या हातांनीच मी त्यांच्या दारात. दिवेलागणीची वेळ, नेहमीसारखी लाइट गेलेली. पेटीवर दोन लाकडी पट्ट्या, पट्ट्यांवर माझी जाळी, भोकाभोकांत लाल दिवे खोचून वर मेण लिंपलेलं. पाणी बीट उकडल्यासारखं लाल.

"एका मापाची भोकं हायेत तुमच्या जाळीला. लई बेस्ट!"

"आणि मोदक कशावर उकडू? तुमच्या सायन्सवर?"

"पांढरा एलईडी न्हाई मिळत, वहिनी. लालच हाय."

मी वाकून पाहिलं. पेटीत एकच मासा उरलेला. सोनेरी, पोट सुटलेला, दोन्ही डोळ्यांवर दुधासारखा पडदा.

"शेवंता. आंधळी हाय ती," गुलाबराव म्हणाले. "दोन वर्सं झाली."

मला आणखीच चेव आला. "आंधळ्या माशाला दिवा? तिला काय कळतंय उजेड का अंधार?"

या वेळी सायन्स निघालं नाही. एक वाकडा दिवा ते बोटानं सरळ करत राहिले.

"तिला न्हाई कळत. पर मी कामावरून येतो तवा रोज लाइट गेलेली आसती. कुलूप काढलं की घरात कुणीतरी दिसावं, वहिनी. नुसतं हलताना दिसलं तरी बास."

तोंडाशी आलेलं भांडण तोंडातच राहिलं, त्याचाही राग आला. "मेण नीट लावा, पाण्यात गळेल," एवढं खेकसून मी परतले. मोदक पिठाच्या चाळणीवर उकडले. निम्मे फुटले.

रविवारी मालक दोन माणसं घेऊन हजर. "चला वहिनी, काढू ती पेटी."

"कसली पेटी?"

"अहो, माशांची! तुम्हीच तर म्हणालात..."

"मी शंभर गोष्टी म्हणते! मासा तुमच्या ताटातलं खातो का? एकट्या माणसाच्या घरात सकाळी सकाळी माणसं घुसवता, शोभतं का तुम्हाला?"

मालकांनी माणसांकडे पाहिलं, माणसांनी मालकांकडे. तिघंही आल्या वाटेनं गेले.

अर्ध्या उघड्या दाराआड गुलाबराव पेटीला दोन्ही हातांनी कव घालून उभे होते. मी तिकडे बघितलंच नाही. राग अजून उतरलेला नव्हता. तो कुणावर आहे, तेवढं काही केल्या ठरेना.