वरच्या साहेबांचा ठिपका

फ्रेमवाल्याने चित्रावरचा पांढरा ठिपका नखाने खरवडला, फुंकर मारली आणि समाधानाने काच पुसायला घेतली. वीस वर्षांच्या धंद्यात माशीची घाण, चुन्याचे शिंतोडे, चहाचे थेंब, सगळं त्याने आपणहून साफ करून दिलं होतं. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही, हा त्याचा खाक्या. घरी जाऊन सांगावं, तर ऐकायला होतं कोण?

चित्र 'वरच्या साहेबांचं' होतं. साहेब राहायचे तळमजल्यावर, पण तरुणपणी अंतराळात जाऊन आले होते, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलेलं. बायको गेल्यापासून ते एकटेच रंगवत बसत. या चित्रात यानाच्या खिडकीतून दिसणारी रात्रीची पृथ्वी होती. म्हणजे सगळा काळाकुट्ट अंधार आणि कडेला एक निळी रेघ.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"झालं का हो? उद्या वाचनालयात लावायचंय. आणि तो ठिपका जपा बरं, सगळं चित्र त्याच्यासाठीच आहे."

"कुठला ठिपका, साहेब?"

"आमच्या गच्चीवरचा दिवा. मी वरून जायचो तेव्हा ही दर वेळी लावून ठेवायची. पाचला येतो न्यायला."

फ्रेमवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो भिंग घेऊन लाकडाच्या भुशात रांगू लागला. शेजारचा शिंपी डोकावला.

"काय हरवलं रे?"

"साहेबांचं घर."

सगळं ऐकून शिंपी म्हणाला, "हात्तिच्या! दुसरा ठिपका दे."

खाडाखोड झाकायची पांढरी शाई सापडली. पण द्यायचा कुठे? फ्रेमवाल्याला आठवत होतं डावीकडे. शिंपी शपथेवर सांगत होता उजवीकडे, आणि त्याने तर चित्र आधी पाहिलंही नव्हतं. डावीकडे दिला, तो वाटाण्याएवढा झाला. ओल्या फडक्याने पुसायला गेले, तर त्याच्या भोवतीचा काळा रंगच निघाला. तिथे बुटाचं पॉलिश लावलं, तर ते चकाकायला लागलं. मग शिंप्याच्या समाधानासाठी उजवीकडे एक दिला. त्यावरून वाद होऊन ब्रश हिसकाहिसकीत झटकला गेला आणि आणखी तीन ठिपके पडले.

ठोक्याला पाच वाजता साहेब दारात. शिंप्याला अचानक आपली इस्त्री चालू असल्याचं आठवलं.

साहेब चित्राकडे बघत राहिले. "यातला आमचा कुठला?"

"साहेब, मला माशीची घाण वाटली हो," फ्रेमवाल्याने आपलं नख पुढे केलं. "मी तुमचा दिवा खरवडला."

साहेब स्टुलावर बसले.

"तुम्हाला म्हणून सांगतो," ते म्हणाले, "वरून मला तो कधी दिसलाच नाही. शोधेशोधेपर्यंत गाव मागे पडायचं. हिला मात्र दर वेळी सांगायचो, दिसला म्हणून. इतकी खूश व्हायची! खरं सांगायचं राहूनच गेलं. चित्रातला ठिपकासुद्धा अंदाजानेच दिला होता."

"मग यातला एक ठेवून बाकीचे झाकू?"

"नको. एकटा फार केविलवाणा दिसायचा तो. आता शेजार झाला." साहेब चित्रावर वाकले. "यातलं तुमचं घर कुठलं?"

फ्रेमवाल्याने जरा विचार करून पॉलिशमधला वाटाणा दाखवला.

"दिवा लावता ना संध्याकाळी?"

"कुणासाठी लावायचा, साहेब? झोपायपुरता तर जातो घरी."

"लावत जा. मी येत जाईन बसायला. आता चालतच यायचंय, चुकणार नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रेमवाल्याच्या घराच्या दारावरचा दिवा उजेड असतानाच लागलेला होता. तिथून जाणाऱ्या शिंप्याने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, बटण अडकलंय.